मजुरीनं माणूस शेतात येतो, मन कशानं येतं?



आपल्या सोलापूर जिल्ह्यात पारावर, दूध डेअरीवर किंवा बाजार समितीच्या आवारात दोन शेतकरी भेटले की पाऊसपाण्याच्या पाठोपाठ एकच विषय निघतो. तो म्हणजे मजूर. "काय सांगावं साहेब, गडी मिळंना झालाय. मिळाला तर टिकंना, आणि टिकला तर मन लावून करंना." शिवारात फिरताना हे वाक्य दिवसातून चार वेळा कानावर येतं.

यावर उपाय विचारला तर दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, रोज वाढवा, सगळं सरळ होईल. दुसरा म्हणतो, कितीही द्या, आता पहिल्यासारखी माणसंच राहिली नाहीत. पहिलं उत्तर अर्धं बरोबर आहे. दुसरं मात्र आपल्याच अंगावर येणारं आहे, कारण माणसं तीच आहेत. तोच गडी स्वतःच्या दोन गुंठ्यांत, नाहीतर गावच्या यात्रेत, मंडप घालताना रात्र रात्र राबतो. तिथं त्याला कोण पैसे देतं? मग आपल्या बागेतच त्याचा हात का आखडतो, याचा विचार मालकानं करायचा की नको?

खताची मात्रा, पाण्याची पाळी, फवारणीचं वेळापत्रक यावर आपण या पानावर नेहमी बोलतो. पण ही सगळी कामं ज्याच्या हातून होतात त्या माणसाबद्दल फार कमी बोलतो. आज तेच बोलू.

मोबदला दोन प्रकारचा

माणूस काम करतो त्यामागं दोन तऱ्हेची कारणं असतात. एक बाहेरून मिळणारं. रोज, उक्तं, पगार, बोनस, दिवाळीचे कपडे, उचल, बक्षीस हे सगळं त्यात आलं. दुसरं आतून मिळणारं. काम नीट जमल्याचं समाधान, नवीन काही शिकल्याचा आनंद, चारचौघांत मान, 'हे मी केलंय' असं म्हणता येणं आणि आपल्या कामाचा कुणाला तरी उपयोग झाला ही जाणीव.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली सहकाऱ्यांबरोबर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना त्यांनी विचारलं होतं, की तुम्हाला कामात सगळ्यात बरं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं? उत्तरं बघितल्यावर असं दिसलं की दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. वाईट वाटण्याच्या गोष्टींत वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नियम आणि पगार यांच्या तक्रारी होत्या. बरं वाटण्याच्या गोष्टींत काम फत्ते झालं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, हे होतं. म्हणजे पगार कमी पडला तर माणूस नाराज होतो. पण पगार पुरेसा झाला म्हणून तो कामात जीव ओततोच असं नाही. या मांडणीवर पुढं बरेच वाद झाले, पण एवढा मुद्दा आपल्या बांधावरही पटण्यासारखा आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर मजुरी ही पाण्यासारखी आहे. पाणी नसेल तर पीक जळतं. पण नुसतं पाणी सोडत राहिलं म्हणून उतारा वाढत नाही, त्याला अन्नद्रव्यंही लागतात.

आधी मजुरी, मग बाकीचं

हा विषय निघाला की काही मालकांना सोयीचा अर्थ काढायची घाई होते. "म्हणजे गड्याला पैशापेक्षा मान द्या, पैसे कमी दिले तरी चालतील." नाही मंडळी, तसं अजिबात नाही. ज्याच्या घरी किराणा दुकानाची उधारी थकली आहे, त्याला पाठ थोपटून काय उपयोग?

यासाठी आपल्या गावातल्या आशाताईंचं उदाहरण घ्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली. त्यांना कर्मचारी म्हटलं नाही, स्वयंसेविका म्हटलं, आणि मोबदला कामागणिक ठरला. कोरोनाच्या काळात त्या दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. याहून मोठा मान कुठला? तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं. त्यांचं कामावरचं प्रेम आटलं होतं का? तसं असतं तर साथीच्या काळात त्या घराबाहेरच पडल्या नसत्या. गौरव झाला म्हणून चूल पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मजुरी वेळेवर मिळाली तर कामाचा दर्जाही सुधारतो, याचा एक चांगला पुरावा ओडिशातून आला आहे. सुप्रीत कौर आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या खेड्यांत, शेतीची कामं नसतात त्या मोकळ्या हंगामात, मजुरांना पत्रावळी लावायचं काम दिलं. नगावर मजुरी होती आणि दर सगळ्यांना सारखाच होता. फरक एवढाच, की काहींना मजुरीचा मोठा हिस्सा आधी दिला आणि बाकीच्यांना शेवटी. पैसे हातात पडल्यावर मजुरांच्या पत्रावळी जास्त निघाल्या आणि चुकाही कमी झाल्या. ज्यांची ओढाताण जास्त होती त्यांच्यात हा फरक ठळक दिसला. कारण साधं आहे. डोक्यात देण्याघेण्याची चिंता असली की हातातल्या कामावर लक्ष राहत नाही.

म्हणजे "पैसे बुडणार नाहीत तुझे, बिल आलं की देतो" असं सांगून आपण मजुरी लांबवतो तेव्हा मजुराची अडचण होतेच, पण आपल्या कामाचंही नुकसान होतं. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानंही मजुरी पंधरा दिवसांच्या आत द्यायची मुदत घातली होती. आपल्या शेतात आठवड्याच्या बाजाराचा दिवस हा जुना रिवाज आहे. तो पाळला तरी पुष्कळ झालं.

शेजारच्याला जास्त का?

मजुरी किती, याइतकंच महत्त्व शेजारच्याला किती, याला असतं. याच सुप्रीत कौर यांनी एमिली ब्रेझा आणि योगिता शमदासानी यांच्याबरोबर ओडिशात आणखी एक प्रयोग केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. हातकामाच्या वस्तू करणाऱ्या मजुरांच्या काही गटांत सगळ्यांना सारखा रोज दिला, काही गटांत कमीजास्त दिला. कोण किती काम करतो हे जिथं सहज दिसत नव्हतं, तिथं कमीजास्त रोजानं काम खाली आलं आणि हजेरी शंभरात १८ नी घसरली. रोज बुडाला तरी माणसं आली नाहीत! पण जिथं कुणाचं काम जास्त हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथं रोजातल्या फरकाचा असा त्रास झाला नाही.

यातला धडा आपल्याला रोज लागू पडतो. एखाद्याला जास्त द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण का दिलं हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. छाटणीचा कसबी माणूस आहे, त्याचा दर वेगळा, हे कुणीही मान्य करतो. पण 'तो आपल्या भावकीतला' म्हणून पन्नास रुपये वर दिले, की बाकीच्या नऊ जणांचं मन त्याच दिवशी उडतं.

बायकांच्या रोजाचं काय? समान वेतनाचा कायदा देशात १९७६ साली झाला. रोजगार हमीच्या कामावर आपल्या आयाबहिणींनी गड्यांच्या बरोबरीच्या दरानं माती उचलली. पण आपल्या बांधावर आजही 'गड्याचा रोज' आणि 'बाईचा रोज' हे दोन वेगळे आकडे आहेत. द्राक्षाची विरळणी, मिरचीचा तोडा, भाजीची प्रतवारी ही हलक्या हाताची कामं बायका जास्त निगुतीनं करतात हे आपणच सांगतो, आणि रोज मात्र कमी देतो. त्या तोंडावर काही बोलत नाहीत. दुसरीकडं दहा रुपये जास्त मिळाले की ऐन विरळणीत टोळी उठून जाते, तेव्हा आपल्याला कळतं.

उक्तं कुठं चालतं, कुठं फसतं

आता उक्त्याकडं वळू. हल्ली जो तो म्हणतो, उक्तं देऊन टाका, डोक्याला ताप नको. उक्त्यात माणूस झटून करतो हे खरं. ज्वारीची काढणी, खड्डे काढणं, शेणखत पसरणं, पोती भरणं, उसाची लागण ही कामं डोळ्याला दिसतात आणि मोजता येतात. इथं उक्तं बिनघोर द्यावं. मजुरालाही दोन पैसे जास्त सुटतात.

पण काही कामांत खरी करामत न दिसणाऱ्या गोष्टीत असते. डाळिंबाची छाटणी घ्या. तेलकट डागाचा, म्हणजे तेल्याचा जिवाणू कात्रीबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणून प्रत्येक झाड झालं की कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावी, असं आम्ही कंठशोष करून सांगतो. आता झाडागणिक दर ठरवून उक्तं दिलंय, तर कात्री बुडवायला कोण थांबेल? बुडवली काय आणि नाही काय, संध्याकाळी मोजायला झाडं तितकीच. तिचा हिशेब पुढच्या बहारात फळावर निघतो, आणि तोवर टोळी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते.

फवारणीचंही तेच. पंपावर दर ठरला की पंप लवकर रिकामा होतो. पण पानाची खालची बाजू कोरडी राहते आणि कीड नेमकी तिथंच बसलेली असते. शिवाय घाईत मास्क निघतो, हातमोजे निघतात, वाऱ्याची दिशा कुणी बघत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. फवारणीचा गडी कधीच घाईत नसावा. ते काम रोजावर, सावकाश आणि संरक्षणाच्या साधनांसह व्हावं.

द्राक्षाची विरळणी आणि डिपिंग, ठिबकच्या नळ्या धुणं, जनावरांची धार, रोपवाटिका ही सगळी मन लावून करायची कामं. त्यांचा हिशेब नुसत्या नगावर आणि एकरावर ठेवला की आपण स्वतःच मजुराला शिकवतो की दर्जाला किंमत नाही, संख्येला आहे. मग तो तसंच करतो. यात त्याचा काय दोष?

बक्षिसाचं दुखणं

बक्षीस देताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायची हौस होती, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी बघितलं, तर 'काढलंस तर देऊ' असं सांगितलेली मुलं आपणहून चित्रं काढायला बाकीच्यांपेक्षा कमी वेळ बसत होती. जे काम हौसेनं होत होतं, ते बक्षिसाचं काम झालं.

आता मुलांची गोष्ट मजुराला जशीच्या तशी लावू नका. मजूर पोटासाठी येतो, हौसेसाठी नाही. पण जिथं माणूस आपणहून जास्तीचं काही करतो, तिथं त्याची किंमत लगेच पैशात मोजायची घाई करू नये. रात्री वीज आली म्हणून एखादा सालगडी न सांगता उठून मोटार चालू करतो. त्याच्या हातावर लगेच वीस रुपये टेकवले तर दुसऱ्या रात्री तो वीस रुपयांची वाट बघेल. त्याऐवजी सकाळी घरात सगळ्यांसमोर, "रात्री अण्णांनी पाणी दिलं म्हणून पीक वाचलं," असं म्हणा. आणि पाडव्याला साल ठरवताना ते ध्यानात ठेवून आकडा वाढवा. मान तिथल्या तिथं आणि दाम हिशेबाच्या वेळी, हे शहाणपण आपल्या जुन्या माणसांना होतं.

सुर्डीच्या माळावर मजुरी नव्हती

माणसं मजुरीशिवाय राबतात का? राबतात, आणि ते आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ पासून २०१९ पर्यंत झाली. शेवटच्या वर्षी, २०१९ ला, राज्यात पहिला नंबर आला तो बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाचा. बक्षीस होतं ७५ लाख रुपये. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा माणूस सावली सोडत नाही, तेव्हा बायाबापड्या, म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं टिकाव-फावडं घेऊन चर खोदायला जात होती.

काम बघायला गेलं तर तेच होतं. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात लोकांनी खडी फोडली, बांध घातले, नालाबंडिंग केलं. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कामानं लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण तिथं खड्ड्याचं माप घेतलं जाई आणि मापावर मजुरी पडे. माणसाचं लक्ष खड्ड्याच्या मापावर असणार, त्या खड्ड्यात पाणी किती मुरेल यावर नव्हे. सुर्डीसारख्या गावांत मात्र खोदणाऱ्याला ठाऊक होतं की हा चर का, इथंच का, आणि यातलं पाणी कुठल्या विहिरीला उतरणार. गावातल्या माणसांना आधी प्रशिक्षण मिळालं होतं, काम कुठं करायचं हे गावानंच ठरवलं होतं आणि शेजारी राबताना दिसत होता.

आता कुणी म्हणेल, ७५ लाखांसाठी केलं की! पण विचार करा, पहिला नंबर एकाच गावाचा येणार होता, हे स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येक गावाला माहीत होतं. बाकीच्या बहुतेक गावांना काय मिळालं? त्यांनी खोदलेल्या चरांत जे साठलं ते पाणी. बक्षिसानं सुरुवातीला जोर आणला असेल, पण माणसं उन्हात टिकली ती गावाच्या पाण्यासाठी.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. श्रमदानात भूमिहीन माणसंही घाम गाळतात. पाणी वाढल्यावर विहीर भरते ती शेतकऱ्याची, आणि भूमिहीनाला मिळतो तो पिण्याच्या पाण्याचा आणि वाढलेल्या कामाचा वाटा. ज्याला जास्त फायदा त्यानं जास्त द्यावं. ज्या घराची चूल रोजच्या कमाईवर चालते त्याला फुकट राबायची भीड घालू नये. श्रमदान हे मजुरी वाचवायचं साधन झालं की पुढच्या वर्षी फावडं उचलायला कुणी येत नाही.

परितेवाडीचे गुरुजी

पगार, स्वातंत्र्य आणि बक्षीस यांचं नातं समजून घ्यायला माढा तालुक्यातलं परितेवाडी हे गाव पुरेसं आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली आले तेव्हा शाळेची इमारत गोठा आणि कोठारघर यांच्यामध्ये मोडक्या अवस्थेत होती. मुलांच्या घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी कन्नड शिकले. पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, म्हणजे मोबाईल धरला की धडा, कविता, चित्रफीत समोर यावी. ती कल्पना पुढं राज्यानं आणि देशानं उचलली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं सुमारे सात कोटी रुपयांचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून द्यायचं तिथंच जाहीर केलं.

या गोष्टीत दोन मुद्दे बघण्यासारखे आहेत. एक, पुरस्कार मिळणार म्हणून काम सुरू झालं नव्हतं. काम आधी अकरा वर्षं झालं. दुसरा मुद्दा आपण विसरतो. गुरुजींना महिन्याचा पगार होता. घरच्या पिठामिठाची काळजी नव्हती, म्हणून नवीन काही करून बघायला डोकं मोकळं होतं. आणि वर्गात काय वेगळं करायचं हे त्यांच्या हातात होतं. ठरलेली मिळकत आणि करून बघायची मोकळीक, दोन्ही एकत्र आले तेव्हा हे घडलं.

शेतीतही असंच घडलेलं आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी द्राक्षबागेतला फरक नेमका हेरून सोनाका, शरद सीडलेस या जाती निवडल्या आणि त्या दूरदूरच्या बागांत गेल्या. असा हेरणारा डोळा मालकाकडंच असतो असं थोडंच आहे? बागेत दिवसभर मालकापेक्षा मजूर जास्त असतो. तेल्याचा पहिला ठिपका, ठिबकची बंद पडलेली तोटी, गाईच्या कासेची सूज सगळ्यात आधी त्यालाच दिसते. तो आपल्याला सांगतो की 'मला काय करायचंय' म्हणून गप्प बसतो, यावर कधी कधी अख्खा बहार अवलंबून असतो.

मग आपण काय करायचं?

कागदावरच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आता या हंगामापासून करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

१) हिशेबाचा दिवस ठरवा. बाजारच्या आदल्या दिवशी मजुरी चुकती करायची. वहीत हजेरी लिहा आणि ती मजुराला दाखवा. उचल दिली असेल तर किती फिटली, किती राहिली, हे त्याला दर महिन्याला कळलं पाहिजे. न कळणारी उचल ही माणसाला वेसण वाटते, आणि वेसण घातलेला माणूस सुटायची वाट बघतो.

२) कामं दोन याद्यांत वाटा. दिसणारी आणि मोजता येणारी कामं उक्त्यावर. निगुतीची कामं रोजावर किंवा महिन्यावर. उक्तं द्यायचंच असेल तर दर्जाची अट आधी बोला. छाटणीत दर थोडा जास्त ठरवा, पण कात्री बुडवायची बादली प्रत्येक ओळीत तुम्ही ठेवा आणि पहिल्या दिवशी स्वतः बरोबर थांबा.

३) 'का' ते सांगा. घडात मणी किती ठेवायचे हे सांगतो तेव्हा ते का, हेही सांगा. विरळणी केलेल्या बायकांना काढणीच्या वेळी तो माल दाखवा. पेटी भरताना, "मावशी, हा घड तुमच्या ओळीतला," एवढं म्हटलं तरी पुढच्या वर्षी ती टोळी दुसऱ्याच्या बागेत जाताना दोनदा विचार करील. कृषी विभागाचं प्रशिक्षण असो, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा मेळावा असो, तिथं मालकाबरोबर एक गडीही यावा. कात्री त्याच्या हातात असते, तर धडा त्यालाही मिळायला नको का?

४) एक तुकडा हवाली करा. दहा ओळी, एक गोठा, नाहीतर ठिबकचा एक भाग एका माणसाच्या नावानं करा. तिथलं बारीकसारीक त्यानं ठरवावं. चुकलं तर ओरडण्याआधी विचारा. आणि माल चांगला निघाला तर त्यातला काही वाटा, आधी ठरवून, रोखीनं द्या. मान दिला आणि नफा सगळा आपण ठेवला, तर माणसाला हिशेब कळतोच.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी दोन शब्द

हीच गोष्ट ग्रामपंचायतीला लागू आहे. गावाला पाणी सोडणारा कर्मचारी, शिपाई, सफाई करणारे यांचे पगार करवसुली झाली नाही की थकतात. मग पाणी वेळेवर सुटत नाही म्हणून ग्रामसभेत त्यालाच बोलणी बसतात. आधी त्याचा थकलेला पगार ग्रामसभेच्या पुढं ठेवा, मग त्याच्या कामाचा जाब विचारा. वसुली देणाऱ्या गावकऱ्यालाही तेव्हा कळेल की आपली घरपट्टी कुणाच्या घरी जाते. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आपल्या गावांनी हातात झाडू घेतला होता. तपासणी समिती येऊन गेल्यावरही ज्या गावांत सफाई टिकली, ती रोज झाडणाऱ्या हातांमुळं. त्या हातांची नावं तुमच्या फलकावर आहेत का, एकदा बघा.

पंधरा ऑगस्टला सत्कार करताना शाल-नारळाबरोबर पगाराची पावतीही द्यावी. नुसती शाल दिली तर ती पांघरून तो घरी जाईल आणि बायको विचारील, "पगार झाला का?" त्या प्रश्नाला शालीत उत्तर नसतं.

बंधू-भगिनींनो, जमिनीचा पोत सुधारायला तीन-चार वर्षं लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणसाच्या मनाचंही तसंच आहे. एका हंगामात फरक दिसणार नाही. पण येत्या बाजारच्या आदल्या संध्याकाळी वही काढून सगळ्यांचा हिशेब चुकता करायला तर काही हरकत नाही. आणि हिशेब करताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारा, "या आठवड्यात बागेत तुला काय दिसलं?" पहिल्या आठवड्यात कुणी बोलणार नाही. तरी विचारत राहा.